जुन्या पेट्रोल जीपच्या टाकीवरील फ्लोटचे पॅकिंग : कॉर्क, नायट्राइल की व्हायटॉन?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. वडिलांनी घेतलेली १९७४ची पेट्रोल जीप आम्ही अजून वापरात ठेवली आहे. तिची टाकी पुढच्या सीटखाली आहे. टाकीच्या माथ्यावर फ्लोटची, म्हणजे पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या तरंग्याची, गोल चकती पाच स्क्रूंनी बसवलेली आहे. या चकतीखालचे पॅकिंग गेल्या दोन वर्षांत मी तीन वेळा बदलले आणि तिन्ही वेळा ते गळू लागले. टाकी अर्धी असते तेव्हा केवळ वास येतो. मात्र टाकी काठोकाठ भरली, किंवा रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या उतारावर गाडी लागली, की स्क्रूंच्या भोवती ओल धरते आणि सीटची गादी उचलून पाहिली तर टाकीच्या पत्र्यावर पेट्रोलचा ओघळ दिसतो. या गाडीत घरातली मुले बसतात, त्यामुळे हे दुखणे आता मुळापासून घालवायचे आहे.

तिन्ही वेळा काय केले ते सविस्तर सांगतो. पहिल्यांदा दुकानातून तयार कॉर्कचे पॅकिंग आणून ते घट्ट आवळले. ते पाच महिने टिकले. दुसऱ्यांदा एका गॅरेजमध्ये पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनची ट्यूब लावून चकती बसवली. महिन्याभरात त्या सिलिकॉनचा लगदा झाला, त्याचे पातळ पापुद्रे सुटले आणि त्यातले दोन पेट्रोलच्या फिल्टरमध्ये अडकलेले सापडले. तिसऱ्यांदा ‘पेट्रोलचे रबर’ म्हणून मिळालेल्या काळ्या रबरी पत्र्यातून पॅकिंग कापून घेतले. ते पावसाळ्यापर्यंत उत्तम चालले. पुढे जून ते सप्टेंबर जीप शेडमध्ये रिकाम्या टाकीने उभी होती. दसऱ्याला पूजेसाठी ती धुऊन टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी पुन्हा वास आला.

मग टाकी पंधरा-वीस दिवस अर्धीच ठेवून कसेबसे चालवले आणि शेवटी ते पॅकिंग काढले. त्याची कड स्क्रू-स्क्रूंच्या मध्ये लाटेसारखी बाहेर आली होती आणि आतल्या बाजूला ते टाकीच्या तोंडात लोंबत होते. दोन दिवस टेबलावर ठेवल्यावर मात्र तेच पॅकिंग चकतीपेक्षा लहान झाले, कडक झाले आणि वाकवताच त्याला चिरा पडल्या. एकच वस्तू आधी फुगली आणि नंतर आकसली, हे मला उमगलेले नाही. नेमके कोणते साहित्य घ्यावे, किती जाडीचे घ्यावे आणि वर काही लावावे की कोरडेच बसवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उद्यमनगर_जुना (कोल्हापूर)

मी चाळीस वर्षे गॅरेज चालवले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. टाकी गळू लागली की लोक पॅकिंगला दोष देतात, पण निम्म्याहून अधिक वेळा दोष पत्र्याचा असतो. तुम्ही पॅकिंग ‘घट्ट आवळले’ असे लिहिले आहे, तिथेच माझी शंका आहे. ही चकती पातळ पत्र्याची असते. स्क्रू जोराने आवळला की त्या भोकाभोवतीचा पत्रा खाली दबतो आणि दोन स्क्रूंच्या मधला भाग वर उचलला जातो. एकदा अशी कमान झाली की पुढचे प्रत्येक पॅकिंग त्या कमानीखालून गळते. मग गळते म्हणून आणखी आवळले जाते आणि कमान वाढत जाते.

चकती काढून जाड काचेवर उलटी-सुलटी ठेवून पाहा. जिथे चकतीखालून उजेड दिसेल तिथे पत्रा वाकला आहे. सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीने, घाई न करता, दबलेली भोके वर घ्यावीत आणि मग काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर चकती गोल फिरवावी. पेपरने सगळीकडे सारखी चकाकी आली म्हणजे चकती सपाट झाली. टाकीच्या तोंडाची कड मात्र टाकी गाडीवर असताना ठोकू नये. तिथे पट्टी ठेवून अंदाज घ्यावा आणि जेवढी खोट राहील तेवढी पॅकिंगच्या जाडीने भरून काढावी.

पॅकिंगसाठी माझा कौल कॉर्कलाच आहे. रबर दाबले की ते बाजूला पसरते, कॉर्क दाबला की तो आपल्या आतच दबतो, बाजूला फुगत नाही. बाटलीचे बूच तोंडात सरळ जाते ते याच गुणामुळे. ३ मिलिमीटरचा कॉर्क घ्यावा, दोन्ही बाजूंना चपड्याचा, म्हणजे पातळ केलेल्या लाखेचा, पातळ हात द्यावा, तो चिकटसर झाल्यावर चकती बसवावी आणि आठवड्याने पाचही स्क्रू पाव-पाव आटा फिरवून पुन्हा तपासावेत. माझ्या हातून अशा शेकडो टाक्या गेल्या आहेत. सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, ते इंजिनाच्या तेलाच्या बाजूला ठीक आहे. तुमच्या फिल्टरमध्ये जे सापडले ते कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत पोहोचले नाही, हे तुमचे नशीब म्हणायचे.

रबर_भोसरी (पिंपरी-चिंचवड)

मी रबराचे सील आणि ओ-रिंग तयार करण्याच्या कामात आहे. पत्र्याविषयी वर जे लिहिले आहे ते शब्दशः खरे आहे आणि त्याला मी काहीही जोडणार नाही. साहित्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल : ही जीप जेव्हा बनली तेव्हाचे पेट्रोल आज पंपावर मिळतच नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची देशातली चाचणी २००१मध्ये ज्या ठिकाणी झाली त्यात तुमचे मिरज आणि मनमाड ही दोन्ही गावे होती. जानेवारी २००३पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. जून २०२२मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली, फेब्रुवारी २०२३मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर आले आणि २०२५मध्ये तेच सर्वत्र झाले. म्हणजे आज तुम्ही भरता त्या प्रत्येक पाच लिटरमध्ये सुमारे एक लिटर इथेनॉल असते. धोरणाविषयी इथे चर्चा करायची नाही. पॅकिंग निवडताना मात्र ही वस्तुस्थिती सोडून चालणार नाही.

तुम्ही तिसऱ्यांदा घातलेले काळे रबर बहुधा नायट्राइल होते, आणि ‘पेट्रोलचे रबर’ हे नाव त्याने साध्या पेट्रोलच्या काळात रास्तपणे मिळवलेले आहे. नायट्राइल निव्वळ पेट्रोलमध्ये थोडेच फुगते आणि निव्वळ इथेनॉलमध्येही थोडेच फुगते. परंतु दोघांच्या मिश्रणात ते दोहोंपेक्षा जास्त फुगते. नायट्राइलचा जो घटक पेट्रोलला दूर ठेवतो त्याचे इथेनॉलशी जमते, आणि इथेनॉल आत शिरताना पेट्रोललाही बरोबर घेऊन जाते. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यातही प्रती असतात : अॅक्रिलोनायट्राइलचे प्रमाण जास्त असलेले नायट्राइल पेट्रोलला चांगले तोंड देते, कमी असलेले लवकर फुगते, आणि नुसत्या नजरेने दोन्ही सारखीच काळी दिसतात.

आता तुमच्या कोड्याचे उत्तर. रबर लवचीक राहावे म्हणून त्यात तेलासारखे मृदुकारी द्रव्य घातलेले असते. पेट्रोल आत शिरते तेव्हा ते हे द्रव्य हळूहळू धुऊन काढते. पॅकिंग ओले असते तोवर आत शिरलेल्या पेट्रोलमुळे ते फुगलेले राहते आणि गळती झाकली जाते. चार महिने टाकी रिकामी राहिली, आतले पेट्रोल उडून गेले, पण धुऊन गेलेले द्रव्य परत आले नाही. म्हणून पॅकिंग मुळापेक्षा लहान आणि कडक झाले. दसऱ्याला टाकी भरली तेव्हा चकतीखाली आकसलेले आणि ताकद गेलेले रबर होते, ते पहिल्याच संध्याकाळी पाझरले. पुढे ते पुन्हा ओले होऊन फुगले आणि तुम्ही काढलेत तेव्हा तुम्हाला लाटा दिसल्या.

माझी शिफारस फ्लुओरोकार्बन रबराची, म्हणजे ज्याला बाजारात सर्रास व्हायटॉन म्हणतात त्याची आहे. ड्यूपाँ कंपनीने ते १९५७मध्ये बाजारात आणले. त्याच्या नेहमीच्या प्रतीत वजनाने सुमारे ६६ टक्के फ्लुओरिन असते. पेट्रोल, त्यातली बेन्झीनसारखी द्रव्ये आणि २० टक्के इथेनॉल हे सगळे त्याला सोसते. दाबून ठेवले तरी ते दीर्घकाळ आपली उसळी टिकवते. अतिथंडीत ते ताठरते, पण तुमच्या-आमच्या हवेत तो प्रश्न नाही. महाग आहे, नायट्राइलच्या कित्येक पट महाग आहे; परंतु तुम्हाला तळहाताएवढाच तुकडा लागणार आहे. पातळ पत्र्याच्या चकतीसाठी मऊ प्रत मागावी, ६० शोर कडकपणाची मिळाल्यास उत्तम. ७५ शोरचे रबर नीट दाबण्याइतका जोर पाच लहान स्क्रू लावू शकत नाहीत; त्याआधी पत्राच वाकतो.

रंगावरून व्हायटॉन ओळखू नये. तपकिरी किंवा हिरवा रंग कुठल्याही रबराला देता येतो. वजनावरून मात्र ओळखता येते : सारख्या मापाचे दोन तुकडे सोनाराच्या काट्यावर ठेवले तर व्हायटॉनचा तुकडा नायट्राइलच्या साधारण दीडपट भरतो. जाळून पाहण्याचा सल्ला कोणी देईल, तो कृपया मानू नये. फ्लुओरिनचे रबर जळताना निघणारा धूर अत्यंत विषारी असतो.

गाडीची ट्यूब कापून पॅकिंग करण्याचा प्रघात आहे, तोही सोडावा. ट्यूब ब्यूटाइल रबराची असते आणि पेट्रोलमध्ये ते रबर लिबलिबीत होते. ब्रेकच्या रबरांसाठी वापरले जाणारे ईपीडीएमसुद्धा इथे निरुपयोगी आहे.

चपड्याबद्दल, उद्यमनगरकरांच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून, एक शंका मांडतो. सुतार फ्रेंच पॉलिश करताना चपडा कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉलच. साध्या पेट्रोलला चपडा दाद देत नसे, म्हणून तुमच्या शेकडो टाक्या टिकल्या; आता टाकीतच पाचवा हिस्सा स्पिरिट आहे. असा चपडा फार काळ धरून राहील असे मला वाटत नाही.

ठाण्याची_पद्मिनी (ठाणे)

माझ्याकडे १९८९ची पद्मिनी आहे आणि याच दुखण्यातून मी गेलो आहे. साहित्याची चर्चा झालीच आहे, म्हणून राहिलेल्या तीन गोष्टी तेवढ्या लिहितो.

पहिली गोष्ट स्क्रूंची. पुष्कळ टाक्यांमध्ये स्क्रूचे आटे आरपार टाकीच्या आत उघडतात. तिथे पॅकिंग कितीही चांगले असले तरी पेट्रोल आट्यांवरून चढून स्क्रूच्या डोक्याखालून बाहेर येते, आणि आपण पॅकिंगवर संशय घेत बसतो. तुमची ओल ‘स्क्रूंच्या भोवती’ दिसते, त्यामुळे हे नक्की तपासा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली तांब्याचा वॉशर घालावा. तांब्याचा वॉशर लालभडक तापवून थंड केला की मऊ होतो आणि नीट बसतो. हे काम अर्थातच गाडीपासून दूर करावे. आट्यांना हायलोमरसारखे न वाळणारे, पेट्रोलला टिकणारे सीलंट अगदी थोडे लावावे.

दुसरी गोष्ट झाकणाची. जुन्या टाक्यांना हवा आत-बाहेर करण्यासाठी झाकणातच बारीक भोक असते. ते धुळीने बुजले तर टाकीत दाब साठतो. पंपावरचे पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून येते, ते थंड असते. ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापले तर ते अर्ध्या लिटरहून थोडे अधिक वाढते. उन्हाळ्यात सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात उभी राहिली, तर ते अर्धा लिटर कुठून तरी वाट काढणारच, आणि सर्वांत अशक्त वाट तुमच्या फ्लोटच्या चकतीची आहे. झाकण उघडताना फुस्स असा आवाज येत असेल तर आधी ते भोक बारीक तारेने साफ करा. टाकी दोन बोटे रिकामी ठेवण्याची सवयही लावून घ्यावी.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. फ्लोटला अर्थ टाकीच्या पत्र्यातून मिळतो. जुने गंजके पत्रे, मध्ये रबर आणि वर सीलंट अशी रचना झाली की ती जोडणी कच्ची होते आणि पॅकिंग उत्तम बसूनही काटा चुकीचे दाखवू लागतो. माझ्या गाडीत असेच झाले आणि मी दोन आठवडे मीटर उघडून बसलो होतो. चकतीच्या एका स्क्रूखालून चॅसिसपर्यंत वेगळी वायर ओढली आणि काटा जागेवर आला.

उद्यमनगर_जुना (कोल्हापूर)

भोसरीकरांचा चपड्याचा मुद्दा मला पटला. गेल्या दोन वर्षांत माझ्या मुलाकडे दोन गाड्या याच कारणाने परत आल्या होत्या. पॅकिंगच्या कडेला तपकिरी चिकट ओघळ होता आणि आम्ही तो पेट्रोलचा गाळ समजलो होतो. आता तो कशाचा होता हे कळले. यापुढे चपडा नाही.

तरी कॉर्क सरसकट टाकून देऊ नये असे माझे म्हणणे कायम आहे. टाकीच्या तोंडाची कड इतकी वाकडी असेल की रबर तिथे पोहोचतच नाही, तर रबरमिश्रित कॉर्क, म्हणजे कॉर्कचा भुसा रबरात बांधून केलेला पत्रा, अजूनही उपयोगी आहे. मात्र तो वर्षा-दोन वर्षांनी बदलण्याची वस्तू आहे असे समजूनच घालावा. निव्वळ कॉर्क वाळला की भुगा होतो. तुमचे पहिले पॅकिंग पाच महिन्यांत गेले त्याचे नवल नाही.

एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही, ती लिहितो, कारण या कामात माणसे भाजलेली मी पाहिली आहेत. आधी बॅटरीची वायर काढा, मग टाकीला हात लावा. काम उघड्यावर करा, शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत किंवा देवापुढच्या दिव्यापर्यंत जाते. जुने पॅकिंग लोखंडी पटाशीने खरवडू नका, बांबूची किंवा पितळेची पट्टी वापरा. त्याने ठिणगीही उडत नाही आणि टाकीच्या पत्र्यावरचा शिसे-कथलाचा मुलामाही निघत नाही. टाकीला भोक असल्याचे आढळले तर रिकाम्या टाकीला डाग देण्याचा, म्हणजे तापवून भोक झाळण्याचा, प्रयत्न घरी मुळीच करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. ते काम वाफेने टाकी धुऊन घेणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच द्यावे.

कृष्णाकाठ (मिरज)

सर्वांचे मनापासून आभार. काम केले, आणि उन्हाळा पाहून मगच लिहायचे ठरवले होते, म्हणून इतका उशीर झाला.

चकती काचेवर ठेवली तेव्हा पाचपैकी तीन भोकांभोवती पत्रा दबलेला होता आणि दोन ठिकाणी चकतीखालून पोस्टकार्ड सहज सरकत होते. ती सांगितल्याप्रमाणे ठोकून, घासून सपाट केली. पॅकिंगचा नमुना घेण्यासाठी चकतीवर कागद ठेवून तेलकट बोट कडेवरून फिरवले. सगळ्या भोकांचे ठसे जसेच्या तसे उमटले. या पाच भोकांमधली अंतरे सारखी नाहीत आणि चकती एकाच तऱ्हेने बसते, त्यामुळे हा ठसा घेणे आवश्यकच होते.

साहित्य विकत घेण्याआधी घरी एक प्रयोगही केला. नायट्राइल आणि व्हायटॉन यांच्या प्रत्येकी ५० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून पंपावरचे पेट्रोल भरलेल्या काचेच्या झाकणबंद बरणीत सात दिवस ठेवल्या. नायट्राइलची पट्टी ५६ मिलिमीटर झाली आणि बाहेर तीन दिवस वाळल्यावर ४८ मिलिमीटरवर आली. व्हायटॉनची पट्टी ५१ झाली आणि वाळल्यावर पुन्हा ५० भरली. दसऱ्याला जे घडले ते मला या बरणीत दिसले.

३ मिलिमीटर जाडीचे मऊ व्हायटॉन पुण्यात नाना पेठेतून चौकशी करत करत एका रबरवाल्याकडे मिळाले. पॅकिंग कोरडेच बसवले. स्क्रूंना तापवलेले तांब्याचे वॉशर आणि आट्यांना थोडे हायलोमर लावले. आखूड दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, म्हणजे हाताचा जोर आपोआप बेताचा राहतो, आणि स्क्रू एकाआड एक असे थोडे थोडे आवळले. झाकणाचे भोक खरोखरच बुजलेले होते. ते साफ केले आणि चॅसिसला अर्थची वायर दिली.

तपासणीसाठी चकतीच्या कडेभोवती पांढऱ्या खडूची पूड भुरभुरली आणि टाकी भरली. पूड ओली झाली की लगेच गडद दिसते. पहिल्या रात्री एका स्क्रूपाशी नखाएवढा गडद डाग आला. त्याचा वॉशर वाकडा निघाला, तो बदलला. त्यानंतर मे महिन्याच्या उन्हात तीन वेळा टाकी भरली, दोनदा आंबा घाट झाला, पूड कोरडी आहे. यंदाच्या पावसाळ्यात जीप उभी ठेवण्याआधी टाकी रिकामी करावी की थोडी भरलेली ठेवावी, याबद्दल भोसरीकरांचे मत कळल्यास बरे होईल.

रबर_भोसरी (पिंपरी-चिंचवड)

पॅकिंगच्या दृष्टीने आता दोन्ही चालेल, व्हायटॉनला वाळण्याचे भय नाही. टाकीच्या दृष्टीने मात्र रिकामी आणि कोरडी ठेवणेच बरे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, ते पुरेसे साठले की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि तिथून पत्रा गंजायला लागतो. पेट्रोल काढून घ्या, कार्ब्युरेटरमधलेही संपवा आणि झाकण लावून ठेवा. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या जुन्याच असतील तर त्यांचीही एक-एक पट्टी त्याच बरणीत घालून पाहावी. दसऱ्याआधी त्यांचे उत्तर मिळालेले असेल.